चिंचेने घासलेली अकरा नाणी

नाशिकहून मालेगावला एसटीने जायला तीन तास लागतात. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहायला बसणारा माणूस एक तर फार मोठा लेखक असावा लागतो, नाही तर कुठेच न गेलेला. मी दुसऱ्या जातीचा. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सदतीस वर्षं गेली. लोकांचे हिमालय, लोकांच्या नर्मदा परिक्रमा, लोकांच्या युरोपच्या सहली मी नाशिकात खुर्चीवर बसून केल्या आणि जाता जाता त्यांच्या वेलांट्या नीट केल्या. मालेगाव मात्र पाहिलं नव्हतं. ते माझ्याच जिल्ह्यात आहे.

गेलो तेही अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची. आम्ही दोघांनीही लग्न केलं नाही. तिने ठरवून, आणि माझं ठरवता ठरवता राहून गेलं. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पुढची खोली तिच्या नाण्यांची आणि मागची माझ्या पुस्तकांची, अशी वाटणी होती. गेल्या पौषात ती गेली. आता दोन्ही खोल्या माझ्या आहेत आणि मी बहुतेक वेळ स्वयंपाकघरात बसतो.

अक्का युरोपातली जुनी नाणी जमवायची. त्यातलीही फक्त पंधराव्या शतकातली, आणि त्यातलीही ज्यांच्यावर साल आकड्यांत घातलंय तेवढीच. त्या मुलखात शेकडो वर्षं नाण्यावर राजाचं नाव असे, क्रूस असे, सिंह असत. पण नाणं कोणत्या साली पाडलं ते लिहायची रीत नव्हती. क्वचित कुणी लिहिलं तर रोमन अक्षरांत. मग हळूहळू आपले आकडे तिथे पोचले. "पायी चालत गेले आणि कामाला लागले," असं अक्का म्हणायची, जणू तिच्याच वर्गातली मुलं परदेशी नोकरीला लागली होती. अशी नाणी फार थोडी मिळतात. प्रदर्शनांतून आणि अदलाबदलीतून तिने तीस वर्षांत अकरा जमवली. अंबडच्या कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या एका विद्यार्थ्याने तिला ॲल्युमिनियमचा एक ट्रे करून दिला होता. त्यात अकरा खळगे, प्रत्येक खळगा त्या त्या नाण्याच्या मापाचा.

त्यातलं तिचं सर्वांत लाडकं नाणं बेल्जियममधल्या फ्लँडर्सकडचं होतं. पातळ, चांदीचं, दोन सिंह समोरासमोर बसलेले, आणि मागच्या बाजूला कडेने अक्षरं संपता संपता साल: १४७५. त्यातला चार म्हणजे आपला ४ कुणी डोक्यावर उभा करावा तसा. सात म्हणजे नुसतं छप्पर. पाच जेमतेम उठलेला. भिंगातून तो पाच दिसायला मला दोन वर्षं लागली होती, आणि दिसला तेव्हा अक्काने मला बक्षीस म्हणून भिंग पुसायचं फडकं दिलं होतं.

हे नाणं तिला मालेगावच्या यासीनभाईंनी दिलं होतं. यासीनभाई यंत्रमाग दुरुस्त करणारे मिस्त्री. नाशिकला नाण्यांच्या प्रदर्शनात दोघांनी एकाच नाण्यावर एकाच वेळी हात ठेवला आणि तिथून भांडत भांडत मैत्री झाली. पुढे पंचवीस वर्षं पत्रं चालली. आकडे युरोपात कसे गेले यावर त्यांचा वाद कधी मिटला नाही. अक्का म्हणायची, चालत गेले. यासीनभाई लिहायचे, "ताई, अरबांच्या खांद्यावर बसून गेले. चालले असते तर अजून धुळ्याला असते."

ती गेली त्याच्या आठवडाभर आधी अक्काने मला बोलावून सांगितलं, "अकरा एकत्र राहू देत. यासीनभाईंना नेऊन दे. त्यांनी घेतली तर बरं. नाही घेतली तर बघ काहीतरी, पण फोडाफोड करू नकोस. आणि तू ठेवून घेऊ नकोस. तुला कपाळावरचा चष्मा सापडत नाही."

आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ती मी कशी पार पाडली, त्याची ही हकिकत.

नाशिक

आमच्याकडे सुतकात देवांना हात लावत नाहीत. तेरावं झालं की घर धुवायचं, देवघरातलं सगळं खाली काढायचं आणि चिंचेने घासून पुन्हा मांडायचं. हे काम दरवेळी अक्का करायची. या वेळी मी केलं. चिंच भिजत घातली, राखुंडीची पुडी काढली, जुना दातांचा ब्रश घेतला. बाळकृष्ण, समई, पळी, ताम्हन. तांब्याचं ताम्हन चिंचेखाली लाल व्हायला लागलं तेव्हा तेरा दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी जमल्यासारखं वाटलं. चिंच उरली. राखुंडीही उरली. माझी नजर ट्रेकडे गेली.

अकराही नाणी काळवंडलेली होती. कुठे निळसर, कुठे काजळीसारखी. मला वाटलं, बहीण गेली, आता तिची नाणी परक्या घरी जायची, तर ती अशी पारोशी कशी पाठवायची? माहेरून पाठवणी करतो तशी मी ती घासली. एकेक नाणं तळहातावर घेऊन, ब्रशने, आधी चिंच, मग राखुंडी, मग परत चिंच. शेवटी कोमट पाणी आणि तिचं मलमलचं फडकं. दीड तास लागला. सगळी आरशासारखी झाली. मी थोडा रडलोही. इतकं नीटनेटकं काम माझ्या हातून आयुष्यात झालेलं नव्हतं.

शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगदी नवी दिसतात हो भाऊ!"

तेव्हाच मला काहीतरी सुचायला हवं होतं.

चांदवड

यासीनभाईंना मी आधीच फोन केला होता. ते म्हणाले होते, "शुक्रवारी या. शुक्रवारी माग बंद असतात, बोललेलं ऐकू येईल." म्हणून शुक्रवारी सकाळी निघालो. ट्रे अक्काच्या शालीत गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. वर नाशिकचा चिवडा आणि माझ्या जेवणाचा डबा. डबा का, तर तिथे आपल्याला खाण्यासारखं काय मिळेल ही काळजी. तीन तासांच्या वाटेवर, स्वतःच्याच जिल्ह्यात, मी असा निघालो होतो, जणू जहाजाने जायचं आहे.

शेजारी एक बाई बसल्या होत्या. लेकीकडून परत नामपूरला चालल्या होत्या. ओझर मागे पडेपर्यंत त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली. पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागा संपत आल्या तेव्हा त्या पिशवीकडे बोट करून अहिराणीत म्हणाल्या, "यामा काय शे?"

"बहिणीची नाणी आहेत. जुनी."

"सोनानी?"

"चांदीची."

"मग इतलं कवटाळीसन काय बठनात भाऊ? तुमनं तोंड दखीसन कोन्हाले बी वाटी, यामा सोनंच शे." मी मिठी सैल केली.

चांदवडला बस थांबली. लोक वडे खायला उतरले. डोंगरावर रेणुकेच्या देवळाचा झेंडा दिसत होता. बस अर्धा तास उशिरा धावत होती म्हणून मी यासीनभाईंना फोन लावला. उशिराचं सांगून झालं. मग, राहवेना म्हणून, म्हणालो, "आणि यासीनभाई, सगळी स्वच्छ करून आणतोय. अगदी लख्ख."

मला वाटलं, ते खूश होतील.

"कशाने?" त्यांनी विचारलं.

"चिंचेने."

"फक्त चिंच?"

"आणि थोडी राखुंडी."

"भाईसाब," ते म्हणाले, "ताईंनी तुम्हाला कधी सांगितलं नाही का?"

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, लहान मुलाला सांगावं तसं. चांदीवरचा तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. तो यायला पाचशे वर्षं लागतात. तोच नाण्याचं अंग राखतो. नाणी जमवणारा माणूस नाणं धूत नाही, पुसत नाही, कडेने धरतो आणि त्याच्याकडे तोंड करून शिंकतही नाही. घासलेलं नाणं बरेच जण संग्रहात घेतच नाहीत.

"तुम्ही घ्याल का?" मी विचारलं.

"आधी या तरी," ते म्हणाले.

मला आठवलं, अक्का मला ट्रेला हात लावू देत नसे. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो तिचा चिकूपणा.

नामपूरच्या बाईंनी सगळं ऐकलं होतं. चालत्या बसमध्ये फोनवर बोलणाऱ्याचं काही खाजगी राहत नाही आणि थांबलेल्या बसमध्ये तर नाहीच. त्या म्हणाल्या, "चिंचवरी घासं तर काय झायं? आमना देव बी मी चिंचवरीच घासस. मैल ठेईसन काय पूजा करानी?"

संपूर्ण प्रवासात माझी बाजू घेणारं हे एकच माणूस भेटलं. मी त्यांना चिवडा दिला. पुडा फुटला तो फुटलाच. उमराण्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, बस मुंगीच्या पावलाने चालली होती आणि आम्ही दोघं खात होतो. यासीनभाईंकडे मी अर्धा पुडा चिवडा आणि अकरा बिघडलेली नाणी घेऊन पोचलो.

मालेगाव

मालेगावबद्दल मी ऐकलं होतं की रस्त्यात पाऊल ठेवताच मागांचा खडखडाट सुरू होतो. त्या दिवशी गल्लीत कबुतरांचे पंख ऐकू येत होते. दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने, दारं ओढून घेतलेली, उंबऱ्यांवर सुताचा कापूस. नाशिकला आम्ही रविवारी असे गप्प असतो, पण आमच्या गप्प बसण्याने इतका फरक पडत नाही.

यासीनभाई स्टँडवर घ्यायला आले होते. पांढरा सदरा, उंच, सडसडीत. जन्मभर मागांजवळ उभं राहिल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. मी आधीच हळू बोलतो, आणि त्या दिवशी तर अपराधी होतो. गल्लीला आमचं संभाषण अर्धंच कळलं असेल, ते असं: "रस्त्यात त्रास नाही ना झाला?" "चहा घ्याल ना?" "राखुंडी कोणती होती, बारीक की जाड?"

घरी गेल्यावर त्यांनी हात धुतले, कोरडे केले, खिडकीपाशी सतरंजीवर बसले. मी शाल सोडली. अकरा नाणी उन्हात अशी चमकली की छतावर ठिपके उठले.

"माशाल्लाह," यासीनभाई म्हणाले. "बर्तन की दुकान लग गयी."

मग त्यांनी भिंग काढलं. एकेक नाणं कडेने धरून पाहायचे, साल वाचायचे आणि जागेवर ठेवायचे. मी समोर मांडी घालून बसलो होतो. मुद्रितं तपासताना समोर लेखक बसला की त्याला काय वाटत असेल हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. एकाचं साल वाचलं. दुसऱ्याचं वाचलं. तिसऱ्यावर जरा थांबले, पण वाचलं. नववं नाणं दोन सिंहांचं. ते त्यांनी बराच वेळ फिरवलं. खिडकीकडे नेलं. सावलीत आणलं.

"एक, चार, सात," ते म्हणाले. "पाच कुठं गेला?"

मी भिंग घेतलं. उलटा चार होता. छप्पर होतं. त्याच्यापुढे जिथे पाच असायचा, तिथे स्वच्छ, गुळगुळीत, लखलखीत चांदी होती. पाचशे वर्षं तगलेला, आधीच दुबळा आकडा मी दीड तासात उडवला होता. या सिंहांची नाणी त्या दोन-तीन सालांत निघाली. पाच नसेल तर ते नाणं चौऱ्याहत्तरचं की शहात्तरचं, कुणी सांगू शकत नाही. आणि अक्काला सिंहांशी काही देणंघेणं नव्हतं. तिने ते घेतलं होतं त्या सालासाठी.

मशिदीत अजान झाली. यासीनभाई उठले. "जुम्मा पढून येतो," एवढंच म्हणाले आणि गेले.

मी नाण्यांसमोर बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांची पत्नी हमीदाभाभी चहा घेऊन आल्या. मालेगावचा चहा म्हणजे दूध आटवून त्यात चहाची आठवण घातलेली. आमच्याकडे पाहुण्याला एवढी साय दिली तर तो ती बाजूला काढतो. इथे ती काढली तर अपमान होतो की काय, म्हणून मी गिळली.

"बहुत गुस्सा हुए क्या?" त्यांनी विचारलं.

"बोललेच नाहीत काही."

"बोले ना? पाँच कहाँ गया, इतना तो बोले." त्या दारातून ऐकत होत्या. "मैंने एक बार उनका एक सिक्का राख से माँजा था. नयी नयी शादी थी. मेरेसे आठ दिन नहीं बोले. नौवें दिन बोले तो क्या बोले, मालूम? 'नमक देना.'"

मला हसू आलं. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता ते कुठे वळेल याची खात्री नव्हती, म्हणून मी कप तोंडाला लावला.

त्यांनी माझा डबा पाहिला. मी लाजलो. त्यांनी झाकण उघडलं, थालीपिठाचा तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाल्या, "आपने बनाया? इसमें नमक कम है." मग माझ्यासाठी केलेली मसुराची डाळ, भात आणि कांद्याची कोशिंबीर आणून ठेवली. वेगळ्या चुलीवर केली होती असं सांगितलं. मी तीन वेळा वाढून घेतलं. थालीपीठ त्यांच्या नातवंडांनी संपवलं, मीठ लावून.

यासीनभाई परत आले ते थेट आतल्या खोलीत गेले. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात एक वही होती, आणि वहीत दुमडलेला एक पातळ कागद. तो त्यांनी नाण्याशेजारी उलगडला.

कागदावर पेन्सिलीने काढलेला नाण्याचा ठसा होता. शाळेत आपण नाण्यावर कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवतो, तसा. दोन्ही बाजूंचा. सिंह धुरकट होते. कडेची अक्षरं मात्र उमटली होती, आणि शेवटी उलटा चार, छप्पर, आणि त्याच्यापुढे, फिकट पण पुरेसा, पाच.

"ताईंना नाणं दिलं ना," यासीनभाई म्हणाले, "त्याच्या आदल्या दिवशी काढून ठेवला होता. देना तो था. पर दिल नहीं मान रहा था." मग त्यांनी कागदाची घडी बोटाने सपाट केली. "ताईंना हे कधी सांगितलं नाही. त्या हसल्या असत्या."

"नसत्या हसल्या," मी म्हणालो. मग म्हणालो, "हसल्या असत्या."

आम्ही दोघं त्या पाचाकडे बघत होतो. नाणं इकडे, त्याचं साल तिकडे, मधे वीतभर सतरंजी.

मी विचारलं, कारण ते विचारायलाच मी आलो होतो, "यासीनभाई, ही अकरा तुम्ही घेता का? घासलेली?"

त्यांनी सिंहांचं नाणं उचलून त्याच्या खळग्यात ठेवलं.

"माझी दोन पोरं आहेत," ते म्हणाले. "दोघांनाही यात रस नाही. म्हणजे माझ्यानंतर हे सगळं अजून कुणाकडे जाईल. तो विचारील, ही अशी का? मी लपवलं तर तो मला खोटा समजेल. किंवा नाण्यालाच खोटं म्हणेल, ते तर आणखी वाईट." त्यांनी ट्रे स्वतःकडे ओढला. "घेतो. ताईंनी सांगितलंय तर अकराही घेतो. एकत्र. पण माझ्याकडे प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी असते. कुठून आलं, कुणाकडून आलं, त्याचं काय झालं. जो हुआ, वो लिखना पड़ता है. चालेल?"

मी मान हलवली.

त्यांनी जाड कागदाचे लहान चौकोन कापून ठेवलेले होते. पेन उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि उर्दूत, उजवीकडून डावीकडे, मोठ्याने म्हणत लिहायला लागले.

"चौदा सौ पचहत्तर. पाच आता दिसत नाही, ठसा सोबत आहे. नाशिकच्या ताईंकडून." पेन हवेत थांबलं. "पुढे नुसतं 'साफ केलेलं' लिहितो. कुणी ते कशाला?"

"नाही, लिहा," मी म्हणालो. "भावाने, असं लिहा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं. "ताईंच्या भावाने चिंचेने घासलं. बस?"

"राखुंडी राहिली."

चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. यासीनभाईंनी ती उलटी केली आणि मागे लिहिलं, "और राखुंडी से." मग शाई वाळायला ती उन्हात ठेवून पुढचा चौकोन घेतला. या वेळी त्यांनी अक्षर जरा बारीक काढलं आणि चिंच आणि राखुंडी एकाच ओळीत बसवली.